मदत हवी आहे: .३२ रिव्हॉल्व्हरला नक्की कुठली काडतुसं?

घोडबंदरचा_गण्या:
लवकर सांगा, रविवारी शहापूरला गावी जायचंय. .३२ रिव्हॉल्व्हर, सहा गोळ्यांचं. कपाटात बिस्किटाच्या डब्यात दोन प्रकारची काडतुसं निघाली, एक लांब, एक पेराएवढं आखूड. दोन्ही बसतात. कुठली भरू? प्रवचन नको.

खारघरकर:
कुठलं मेक? नळीवर काय कोरलंय? काडतुसाच्या बुडावर काय आहे?

घोडबंदरचा_गण्या:
कानपूरचं. .३२ एस अँड डब्ल्यू (स्मिथ अँड वेसन) लाँग. लांब काडतुसावर केएफ, .३२. आखडावर ७.६५.

खारघरकर:
केएफ म्हणजे खडकीचा दारूगोळा कारखाना. लांब तीच तुझी. आखूड पिस्तुलाची, 'अशनी'सारख्या. बुडाची कड जेमतेम टेकते म्हणून बसल्यासारखी वाटते. बार उडताना पडणारा दाब बघ, लाँगला साधारण १५,००० पीएसआय (दर चौरस इंचावर पाउंड), हिला २०,५००. भरू नको. लांबातलीही हिरवट पडलेली, चेपलेली बाजूला काढ.

कळव्याचा_मामा:
काही होत नाही हो. मी वर्षानुवर्षं आखूडच मारतोय.

खारघरकर:
मामा, तुमचं नशीब त्याला उधार देणार का?

रेंजवाली:
.३२ हवंच कशाला? .२२ घ्या, झटका नाही. स्वप्निल कुसाळेनं २०२४ला पॅरिसला ब्राँझ .२२वरच मिळवलं. फक्त रिकामी चालवू नका, घोड्याची पिन चेंबरच्या काठावर आपटते.

कळव्याचा_मामा:
ताई, ती रायफल. त्याला काय पदक घ्यायचंय?

पनवेल_लोकल:
निवडणुकीत हत्यार जमा करावं लागतं का? सोसायटीत एकानं केलं होतं.

घोडबंदरचा_गण्या:
विषयावर या! भरताना काय बघायचं? शेतावर बिबट्या येतोय.

खारघरकर:
बिबट्या?! १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या शेड्यूल एकमधला प्राणी आहे तो. वन खात्याला कळव. .३२नं तो मरणार नाही, चिडेल.
भरताना नळी जमिनीकडे, बोट चापाबाहेर. प्रत्येक काडतुसाचं बूड सपाट बसलं पाहिजे, एखादं वर राहिलं तर सिलिंडर अडकतं. बार 'फुस्स' झाला तर थांब, गोळी नळीत अडकलेली असू शकते, पुढच्या बारानं नळी फुटते. बार उडालाच नाही, तर तोंड सुरक्षित दिशेला धरून निदान ३० सेकंद थांब.
पण परवाना कुणाच्या नावावर? हे सांगितलंच नाहीस.

घोडबंदरचा_गण्या:
बाबांच्या. ते श्रावणात गेले.

रेंजवाली:
अरे! मग हातच लावायचा नाही. १९५९च्या शस्त्र कायद्याचं कलम २१ वाच. पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक डीलरकडे जमा कर, मग वारस म्हणून अर्ज. पण आधी फोन कर, तसंच घेऊन निघू नको.

कळव्याचा_मामा:
फोन केलास की चार चकरा ठरलेल्या. माझ्या साडूनं...

खारघरकर:
मामा, साडू नंतर.

घोडबंदरचा_गण्या:
केला फोन. काडतुसं वेगळी बांधा, परवान्याचं पुस्तक आणा म्हणाले. गावी जाणं रद्द. आई म्हणते, बिस्किटाचा डबा तेवढा परत घेऊन ये.