मदत हवी आहे: नाताळचं स्वस्त, घरी करता येणारं रीथ

नमस्कार मंडळी,

आमच्या नागपूरच्या चर्चच्या संडे स्कूलमध्ये यंदा मुलांकडून दाराला टांगायचं रीथ, म्हणजे हिरव्या डहाळ्यांचं गोल कडं, करून घ्यायचं आहे. मुलं वीसेक, बहुतेक रोजमजुरीवर चालणाऱ्या घरांतली. प्रत्येकाने आपलं रीथ घरी न्यावं, हा माझा हट्ट आहे. एकच मोठं करून चर्चला लावलं तर यांच्या दाराला काय? खर्च मात्र एकामागे २०-२५ रुपयांच्या वर जायला नको. बर्डीच्या बाजारातली तयार प्लॅस्टिकची रीथ त्यात बसत नाहीत, आणि मला ती नकोतही.

अ‍ॅडव्हेंटचं (नाताळाआधीच्या चार आठवड्यांचं) मेणबत्त्यांचं रीथ मुळात गरीब मुलांसाठीच निघालं. १८३९ मध्ये हॅम्बर्गला योहान विखर्न या पाद्र्यांनी आश्रमातल्या मुलांना नाताळ किती दिवसांवर आला हे कळावं म्हणून गाडीच्या चाकावर मेणबत्त्या लावल्या होत्या. आम्ही मेणबत्ती ठेवणार नाही, कारण सांगाडा तणसाचा, म्हणजे भाताच्या पेंढ्याचा आहे आणि तणस भसकन पेटतं.

तणस एक पालक भंडाऱ्याहून आणून देताहेत. थोडं ओलं करून चुंबळीसारखं गोल वळायचं आणि सुतळीने करकचून आवळायचं. तार नको, बारक्यांच्या हाताला टोचते. हिरवळीला मोरपंखी, ओळखीच्या बंगल्यात छाटणी निघणारच आहे. सुरूची खरखरीत बारकी फळं मुलंच वेचून आणतील. लाल रंगासाठी कुणीतरी गुंजा सुचवल्या, त्याला मी साफ नाही म्हटलं. गुंजेचं बी विषारी, आणि मुलांच्या घरी लहान भावंडं असतात. टेलरकडच्या लाल चिंध्या पुरतील.

अडलंय दोन ठिकाणी. इथल्या कोरड्या थंडीत मोरपंखी २५ डिसेंबरपर्यंत हिरवी कशी ठेवायची? आणि संत्र्याच्या वाळवलेल्या चकत्या लावायची फार इच्छा आहे, नागपूरचं रीथ आहे ना! पण चकती कापली की साल वेगळी आणि फोडी वेगळ्या होतात.

प्रतिसाद १
ताई, आपलं संत्रं सैल सालीचं, ते सुटणारच. चकत्यांना मोसंबी घ्या, तिची साल गराला घट्ट असते. अर्धा सेंटीमीटर जाड कापा, फडक्याने टिपा आणि ओव्हन १०० अंशांवर ठेवून तीन-चार तास वाळवा, मधे उलटा. संत्र्याची साल फेकू नका. ओली असतानाच तिच्या चांदण्या कापा, वहीखाली दाबून वाळवा, नाहीतर वळतात. दाभणाने भोक मात्र ओलेपणीच पाडा, वाळल्यावर साल तडकते.

प्रतिसाद २
मोरपंखी आदल्या संध्याकाळी कापून रात्रभर बादलीत बुडवून ठेवा. एकेक काडी खोचू नका. छोट्या जुड्या करा, सगळ्या एकाच दिशेला, पुढच्या जुडीखाली मागचे देठ झाकतील अशा बांधा. दुपारचं ऊन लागणाऱ्या दारावर टांगू नका. रोज पाणी शिंपडलं तरी शेवटी रंग फिकटेलच, म्हणून नाताळच्या चार-पाच दिवस आधीच करा.

धागाकर्ती
दोघांचेही मनापासून आभार. मग तणसाची कडी आणि चांदण्या आधीच्या रविवारी, मोरपंखी अगदी शेवटच्या रविवारी. मुलांना संत्री घरून आणायला सांगत नाही, मीच आणते. गर तिथेच खाऊन होईल. आता फक्त मोसंबीसाठी ओव्हन हवा. सदर भागाजवळ कुणी एक दुपार वापरू देईल का?