ओढ्याकडच्या भिंतीवर मुलांचं चित्र – मोठा मेसेज आहे, वाचा प्लीज

ए-३०२: नमस्कार सगळ्यांना. सुट्टीत मुलं सोसायटीची कंपाउंड वॉल क्लायमेट चेंज या विषयावर रंगवणार हे माहितीच आहे, पण काल क्लब हाऊसमधे त्यांच्याबरोबर बसले होते तेव्हा जे निघालं ते सांगायचंय. आधी सगळ्यांनी पृथ्वीचा गोळा, तोंडात थर्मामीटर आणि बर्फावरचं अस्वल हेच काढून आणलं होतं. मग यंदा नववी झालेली एक मुलगी म्हणाली, काकू, आपल्या आंबील ओढ्याला पूर आलेला तो नाही का काढायचा? २५ सप्टेंबर २०१९ ला पुण्यात तो पूर आला तेव्हा ती तिसरीत होती, त्या रात्री जिन्यात आजीला बिलगून बसली होती आणि पाणी किती पायऱ्या चढलं ते मोजत होती म्हणे. मला पुढे बोलताच येईना.

तर आता असं ठरतंय. एड हॉकिन्स म्हणून ब्रिटनमधले हवामानशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी २०१८ मधे तापमानाच्या पट्ट्या केल्या, एक वर्ष म्हणजे एक उभी पट्टी, थंड वर्ष निळं, गरम वर्ष लाल, बास, अक्षर नाही की आकडा नाही. आपल्या हवामान खात्याकडे देशाचं सरासरी तापमान १९०१ पासूनचं आहे, २०२४ पर्यंत १२४ वर्षं झाली. भिंत ४२ फूट. चार इंचाची पट्टी धरली तर ४१ फूट ४ इंच, बरोब्बर बसतंय!! शेवटची २०२४ ची पट्टी सगळ्यात गडद, कारण १९०१ पासून सगळ्यात गरम वर्ष तेच. प्रत्येक मुलाला तीन-चार पट्ट्या येतील, छोट्यांनाही जमेल, चित्रकला यायलाच पाहिजे असं नाही. आणि त्या सगळ्या पट्ट्यांवरून, त्या रात्री पाणी जिथपर्यंत आलं होतं तिथे एक पांढरी रेघ, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

बी-१०४: कल्पना खूप छान आहे ताई, पण ती रेघ नको. आम्ही फ्लॅट विकायला काढलाय, येणारा माणूस आधी तेच विचारणार.

सी-५०१: मी जरा वेगळं बोलतो. पूर आला तो ओढा बुजवत आणला म्हणून, दोन्ही बाजूंनी बांधकामं आली म्हणून. सगळं क्लायमेट चेंजवर ढकलू नका, मुलांना अर्धवट शिकवू नका.

ए-३०२: काका तुमचं खरंय, आणि मला दोन्ही दाखवायचंय. हवा एक अंशाने तापली की साधारण ७ टक्के जास्त बाष्प धरते, म्हणून पडायला लागला की थोड्या वेळात धो धो पडतो, आणि ते पाणी जायला ओढा असा चिंचोळा, मग माणसांच्या घरात शिरतं. त्या रात्री शहरात वीसच्या वर माणसं गेली हो. पट्ट्यांच्या खाली फूटभर ओढा काढूया का, कात्रजला रुंद आणि आपल्याकडे येता येता अरुंद? तुम्ही लहानपणी त्यात डुंबलेले आहात, तुम्हीच या आणि मुलांना सांगा कुठे केवढा होता ते.

सी-५०१: येतो.

सेक्रेटरी: कामाचं बोलतो. भिंतीला खालून लोणा लागलाय, म्हणजे ओलीने क्षार वर आलाय, तसाच रंग मारला तर दोन पावसाळ्यांत पोपडे निघतील. पेंटर म्हणाला पुट्टी नको, पत्रीने आणि तारेच्या ब्रशने घासा, आठवडाभर ऊन खाऊ द्या, मग प्राइमर आणि एक्स्टिरिअर इमल्शन. भिंत ६ फूट उंच म्हणजे अडीचशे स्क्वेअर फूट, दोन हातांना ५ लिटर लागेल. मेच्या तिसऱ्या आठवड्याच्या आत संपवा, वळीव आला की सगळं थांबेल.

ए-३०२: हो काका. प्रत्येक छटा एकदाच भरपूर कालवायची, आइस्क्रीमच्या डब्यांवर नंबर टाकून, कारण दुसऱ्यांदा तीच छटा जमत नाही. आणि मास्किंग टेप रंग ओलसर असतानाच काढायची, वाळल्यावर ओढली की कडा उचकटते. रिकामे डबे आणून द्या प्लीज.

ए-२०१: माझी १९४३ ची पट्टी मी रंगवणार. खुर्ची ठेवा म्हणजे झालं.

ए-३०२: आजी नक्की 🙏 ज्यांना आपल्या जन्मवर्षाची पट्टी हवी त्यांनी कळवा. बी-१०४, तुमची अडचण समजते, पण ती रेघ वगळली तर मग मुलांचं त्यात काय उरतं सांगा? ग्राउंड फ्लोअरच्या लोकांनी बोलावं असं मला वाटतं, पाणी त्यांच्या घरात होतं.

बी-००१: उशिरा बघितलं. आमच्या स्वयंपाकघराच्या चौकटीवर पाण्याची खूण अजून आहे. नंतर दोनदा घर रंगवलं पण हिने तेवढा भाग सोडायला लावला. मुलांना अंदाजाने काढायला लावू नका. गवंडी वापरतात ती लेव्हलची नळी माझ्याकडे आहे, पाणी भरून एक टोक चौकटीला धरू, दुसरं भिंतीपर्यंत नेऊ, पाणी जिथे थांबेल तीच उंची. रविवारी सकाळी सातला पाठवा मुलांना, ऊन चढायच्या आत. चहा-पोहे आमच्याकडे.

बी-१०४: मी पण येतो. नळी धरायला दोन माणसं लागतील.