मदत हवी आहे: मॉर्फिन आणि अॅम्फेटामिनच्या तलफेवर एनएसी, सीपीपी प्रयोगाचा आराखडा तपासून द्याल का?

महाराजबाग
नमस्कार. नागपुरात एम.फार्म.च्या प्रबंधासाठी एन-असिटिलसिस्टीन (एनएसी) हे कफ पातळ करणारं जुनं औषध घेतलं आहे. मॉर्फिन आणि अॅम्फेटामिन या दोन्हींच्या तलफेवर त्याचा उपयोग होतो का, हे कंडिशन्ड प्लेस प्रेफरन्सने (सीपीपी, म्हणजे औषध मिळालेल्या कप्प्यात जनावर जास्त वेळ काढतं का ते मोजणारी चाचणी) बघायचं आहे.

विस्टार नर रॅट, २०० ते २५० ग्रॅम, गटात ८. पहिल्या दिवशी १५ मिनिटांची प्री-टेस्ट. पुढचे ८ दिवस एक दिवस औषध, एक दिवस सलाइन. दहाव्या दिवशी पोस्ट-टेस्ट. मॉर्फिन ५ मि.ग्रॅ./किलो त्वचेखाली, अॅम्फेटामिन १ मि.ग्रॅ./किलो पोटात टोचून. दोन्हींच्या ३० मिनिटं आधी एनएसी ६० मि.ग्रॅ./किलो, तेही पोटात टोचून.

काम एप्रिल-मेमध्ये येतंय. फॉर्म बी (प्राण्यांवरच्या प्रयोगाचा परवानगी अर्ज) आयएईसीकडे (संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीकडे) जायच्या आधी काय बदलावं?

दुसरीपाळी
सर्वात आधी एनएसी देण्याची वेळ बदला. मॉर्फिनच्या आधी एनएसी दिलंत तर सवय लागणं थांबतं का, एवढंच कळेल. उपचाराला येणारा माणूस सवय लागल्यावर येतो. शिवाय एनएसीचा तर्कच वेगळा आहे: व्यसनाचा पदार्थ बंद झाल्यावर न्यूक्लियस अॅकम्बन्समध्ये (मेंदूतला बक्षिसाच्या भावनेशी जोडलेला भाग) पेशींबाहेरचं ग्लुटामेट (चेतापेशींमधला संदेशवाहक) कमी होतं आणि सिस्टीन-ग्लुटामेट एक्स्चेंजरमार्फत (सिस्टीन आत घेऊन ग्लुटामेट बाहेर सोडणारं पेशीवरचं प्रथिन) एनएसी ते भरून काढतं. औषध न पाहिलेल्या जनावरात ही कमतरता नसतेच.

म्हणून आधी पसंती पक्की होऊ द्या. मग दोन्ही कप्प्यांत रोज सलाइन देऊन ती विझवा आणि त्याच काळात रोज एनएसी द्या. शेवटचा डोस चाचणीच्या २४ तास आधी थांबवा. चाचणीच्या दिवशी मॉर्फिनचा लहान प्रायमिंग डोस (जुनी तलफ जागवणारा; पाचऐवजी दोन-अडीच मि.ग्रॅ./किलो) देऊन पसंती परत उसळते का ते बघा. तुमचं उत्तर तिथे आहे.

‘सलाइन + एनएसी’ हा गट वगळू नका. एनएसीच जनावराला नकोसं वाटत असेल तर आकडा कमी होईल आणि तो उपचाराचा गुण वाटेल. दोन्ही औषधांचं कंडिशनिंग ३० मिनिटांचं ठेवून प्रयोग एकाच वेळी चालवलात तर सलाइनचे गट सामाईक होतात, जनावरं वाचतात.

ताराबाई_लॅब
एनएसीचं द्रावण चांगलंच आम्लधर्मी असतं. तसंच पोटात टोचलं तर जळजळ होते आणि रॅट तो कप्पा टाळतो. सोडियम हायड्रॉक्साइड थेंबाथेंबाने घालून पीएच ७ च्या आसपास आणा, नियंत्रण गटाच्या सलाइनचाही तेवढाच ठेवा. हवेत ते ऑक्सिडाइज होतं, म्हणून रोज ताजं करा.

मॉर्फिनच्या अँप्यूलचं लेबल दर वेळी वाचा, १० आणि १५ मि.ग्रॅ./मि.ली. दोन्ही मिळतात. १० ची असेल तर तेवढंच सलाइन घालून ५ करा. २५० ग्रॅमच्या रॅटला ०.२५ मि.ली. लागेल.

आता नागपूरचा मे. चाचणीच्या खोलीत कूलर नकोच. झोत एका कप्प्यावर आला की सगळे रॅट तिकडे किंवा त्याच्या उलट. वाळ्याच्या ताटीचा वास म्हणजे तुम्ही न ठरवलेली एक खूण. त्यात दमटपणाही वाढतो. खोली एसीने २२ ते २५ अंशांवर धरा. अॅम्फेटामिनने शरीराचं तापमान चढतं, आणि गरम खोलीत, गर्दीच्या पिंजऱ्यात त्याचं विषारीपण वाढतं. रात्री वीज गेली तर एसीला जनरेटर आहे का, हे आजच विचारून घ्या.

दोन जनावरांच्या मध्ये कप्पे पुसून पूर्ण वाळू द्या. प्री-टेस्टमध्ये एकाच कप्प्यात ८० टक्क्यांहून जास्त वेळ काढणारा रॅट वगळा, पण हा निकष फॉर्म बीमध्येच लिहा. नंतर ठरवलेला निकष कुणी मानत नाही.

महाराजबाग
मॉर्फिनला तुलनेसाठी नाल्ट्रेक्सोन (मॉर्फिनचा परिणाम रोखणारं औषध) धरलं आहे. अॅम्फेटामिनला काय घेऊ?

दुसरीपाळी
अॅम्फेटामिनसारख्या उत्तेजकांच्या व्यसनासाठी अमेरिकेच्या एफडीएने अजून एकही औषध मंजूर केलेलं नाही, त्यामुळे सर्वमान्य तुलना-औषध नाही. तसं स्पष्ट लिहा. मेथअॅम्फेटामिनवर २०२१ मध्ये आलेल्या ४०३ जणांच्या चाचणीत नाल्ट्रेक्सोनचं इंजेक्शन आणि ब्युप्रोपिऑन (नैराश्यावरचं औषध) एकत्र दिल्यावर १३.६ टक्के लोकांनी प्रतिसाद दिला, प्लासिबोला २.५ टक्के. आजची मजल एवढी आहे. नाल्ट्रेक्सोन स्वतःही रॅटला अप्रिय वाटू शकतं, म्हणून ‘सलाइन + नाल्ट्रेक्सोन’ गट लागेलच.

हालचाल वेगळी मोजा, कप्पे ओलांडण्याची संख्या नोंदवा. स्मरणासाठी नॉव्हेल ऑब्जेक्ट चाचणी (ओळखीच्या वस्तूपेक्षा नव्या वस्तूकडे जनावर जास्त वळतं का) घ्या. जनावर सुस्त झालं किंवा शिकलेलं विसरलं तरी सीपीपीचा आकडा पडतोच.

ताराबाई_लॅब
चर्चेत एनएसीची ऑस्ट्रेलियातली चाचणीही घ्या: मेथअॅम्फेटामिन घेणारे १५३ जण, रोज २४०० मि.ग्रॅ. तोंडावाटे, १२ आठवडे, तरी वापर कमी झाला नाही. तोंडावाटे घेतलेल्या एनएसीचा जेमतेम दहावा भाग रक्तात पोचतो, आणि तुम्ही पोटात टोचताय. जनावरं पुरत असतील तर नळीने तोंडावाटे देण्याचा एक गट जोडा, नाहीतर परीक्षक पहिला प्रश्न तोच विचारतील.