इंटेलवरचं स्टोरेज इंजिन एआरएमवर नेलं: डब्ल्यूएएलमध्ये चेकसम चुकतोय आणि काही नावं सापडत नाहीत

दूधगंगा_काठ

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक आहे पण सगळं सांगितल्याशिवाय कळणार नाही.

आमचं दूध संकलन केंद्रांचं सॉफ्टवेअर आहे. शेतकऱ्याची किटली काट्यावर आली की वजन, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले घन पदार्थ) सगळं लगेच डिस्कवर गेलं पाहिजे, कारण गावात लाइट कधी जाईल सांगता येत नाही, म्हणून आधीच्या टीमने सी प्लस प्लसमध्ये स्वतःचं छोटं स्टोरेज इंजिन लिहिलंय, बी-ट्री (क्रमाने लावलेलं शोधायचं झाड) आणि त्याच्या पुढे डब्ल्यूएएल (प्रत्येक नोंद आधी जिच्यात लिहायची ती लॉग फाईल, लाइट गेली तर तिच्यावरूनच रिकव्हरी). इंटेलच्या मिनी पीसीवर हे दहा वर्षं बिनतक्रार चाललं. आता नवीन केंद्रांना रास्पबेरी पाय ५ (एआरएम प्रोसेसरचा छोटा बोर्ड) द्यायचं ठरलंय. कोड कंपाइल झाला पहिल्याच दिवशी, एक वॉर्निंग नाही, आणि मग सुरू झालं.

पहिलं म्हणजे इंजिन उघडेचना, एममॅप (फाईल थेट मेमरीत जोडणारा कॉल) इनव्हॅलिड आर्ग्युमेंट देत होता. शोधल्यावर कळलं की पाय ५ च्या कर्नेलचं मेमरी पेज (मेमरीचा एक ठरलेला तुकडा) १६ केबीचं असतं आणि आमच्या कोडमध्ये ४०९६ जागोजागी लिहून ठेवलंय. सध्या ४ केबीवालं कर्नेल लावून काम भागवलंय.

दुसरं खरं दुखणं. सकाळच्या गर्दीत एखाद्या बोर्डावर डब्ल्यूएएलमधल्या एखाद्या रेकॉर्डचा सीआरसी (रेकॉर्ड बिघडलंय का ते सांगणारा चेकसम) जुळत नाही. लाइट गेली आणि रिकव्हरी चालली की ती त्या रेकॉर्डपाशी थांबते आणि पुढचं सगळं टाकून देते. एका केंद्रावर अकरा जणांचं दूध वहीवरून परत भरावं लागलं, ही गोष्ट मला झोपू देत नाहीये.

रचना अशी आहे की लिहिणारा थ्रेड अॅटॉमिक काउंटर वाढवून रिंगमधला (गोल फिरून परत परत वापरायच्या बफरमधला) एक स्लॉट घेतो, त्यात रेकॉर्ड कॉपी करतो, सीआरसी लिहितो आणि सगळ्यात शेवटी स्लॉटचा रेडी फ्लॅग १ करतो. फ्लश करणारा थ्रेड तो फ्लॅग बघत बसतो, १ दिसला की रेकॉर्ड आपल्या बफरमध्ये उचलतो, फ्लॅग परत ० करतो आणि बफर डिस्कवर टाकतो. फ्लॅग व्होलटाइल आहे. मध्ये प्रिंटएफ घातला की बग गायब. सहकाऱ्याने त्याच्या एम१ मॅकवर डॉकरमध्ये आमची इंटेलचीच इमेज रात्रभर चालवली, एकही चूक नाही.

तिसरं, जुन्या पीसीवरची डेटा फाईल नव्या बोर्डावर ठेवली तर बहुतेक सभासद नावाने सापडतात पण काही सापडत नाहीत. क्रमांकाने शोधलं तर तोच माणूस येतो. 'सावित्रीबाई' येते, 'राम पाटील' येत नाही.

रॅम बदलून बघितली, एसडी कार्ड बदललं, एसएसडी लावली. काय बघू अजून?

---

बाइट_बाय_बाइट

दादा, हार्डवेअर ठीक आहे, रॅमच्या मागे लागू नका. तुमची पोस्ट वाचताना मी 'फ्लॅग व्होलटाइल आहे' इथे थांबलो.

एक्स८६, म्हणजे इंटेलवाला प्रोसेसर, एका बाबतीत फार सांभाळून घेतो. एका कोअरने आधी अ लिहिलं मग ब लिहिलं, तर बाकीच्या कोअरना ते त्याच क्रमाने दिसतं, आणि वाचणाऱ्याची दोन वाचनंही उलटी होत नाहीत. फक्त आपलं लिखाण अजून कोअरच्या आतल्या बफरमध्ये असताना पुढचं वाचन आधी उरकलं जाऊ शकतं, तेवढीच काय ती सूट. याला टीएसओ (टोटल स्टोअर ऑर्डर) म्हणतात. एआरएम असं काही वचन देत नाही. तिथे तुमचा रेडी फ्लॅग दुसऱ्या कोअरला आधी दिसू शकतो आणि रेकॉर्डचे बाइट नंतर. शिवाय फ्लश करणाऱ्या बाजूला कोअर रेकॉर्डचे बाइट अंदाजाने आधीच वाचून ठेवू शकतो आणि फ्लॅग नंतर तपासू शकतो, म्हणजे घोळ दोन्ही टोकांना आहे आणि एकच टोक दुरुस्त केलं तर बग कमी होईल पण जाणार नाही.

व्होलटाइल फक्त कंपायलरला सांगतो की हे वाचन-लेखन गाळू नको. प्रोसेसरला तो काहीच सांगत नाही, आणि आजूबाजूच्या साध्या मेमकॉपीला (रेकॉर्ड कॉपी करणाऱ्या कोडला) हलवू नको असं कंपायलरलाही सांगत नाही. इंटेलवर दहा वर्षं चाललं ते इंटेलच्या कृपेने, सी प्लस प्लसच्या नियमाप्रमाणे हा कोड पहिल्या दिवसापासून डेटा रेस (दोन थ्रेड क्रम न ठरवता एकाच जागी लिहितात-वाचतात ती चूक) होता.

उपाय असा. फ्लॅग स्टँडर्ड अॅटॉमिक करा, लिहिणाऱ्याने १ करताना मेमरी ऑर्डर रिलीज (आधीचं लिखाण फ्लॅगच्या आधीच दिसेल), फ्लशवाल्याने वाचताना अॅक्वायर (पुढची वाचनं फ्लॅगच्या नंतरच होतील). आणि लोक हमखास विसरतात ती जागा म्हणजे परतीचा रस्ता. फ्लशवाला उचलून झाल्यावर फ्लॅग ० करतो तेही रिलीजने, आणि स्लॉट परत वापरायला घेणारा थ्रेड ते ० अॅक्वायरने वाचेल, नाहीतर पुढच्या फेरीतला माणूस अजून उचलून न झालेल्या रेकॉर्डवर लिहील. अशा चार जागा झाल्या. एआरएमवर याच्या एसटीएलआर आणि एलडीएआर इन्स्ट्रक्शन होतात, एक्स८६ वर साधी मूव्हच राहते, त्यामुळे जुन्या पीसीचा वेग जाईल ही भीती नको.

पोस्टग्रेस (ओपन सोर्स डेटाबेस) हेच कसं करतो ते त्यांच्या सोर्समधल्या पोर्ट खालच्या अॅटॉमिक्स फोल्डरमध्ये बघा. ९.५ मध्ये ही अॅटॉमिक्सची एपीआय आली. रीड बॅरिअर, राइट बॅरिअर असे मॅक्रो आहेत, एक्स८६ वर ते फक्त कंपायलरला अडवतात आणि एआरएमवर मेमरीचा क्रम राखणारी खरी डीएमबी इन्स्ट्रक्शन घालतात. वरचा कोड एकच, खालची व्याख्या प्रत्येक प्रोसेसरची वेगळी.

मॅकचं म्हणाल तर इंटेलची इमेज तिथे रोझेटातून (इंटेलचे प्रोग्रॅम एआरएमवर चालवणारा अॅपलचा अनुवादक) चालली असणार. अॅपलच्या चिपमध्ये खास रोझेटासाठी टीएसओ मोड आहे, म्हणजे एआरएम चिप तेवढ्यापुरती इंटेलसारखीच वागत होती. तसंच इंटेल मशीनवर क्यूईएमयू (दुसऱ्या प्रोसेसरची नक्कल करणारं सॉफ्टवेअर) लावून एआरएम बायनरी चालवली तरी हा बग दिसणार नाही, खाली शेवटी इंटेलच आहे. हे फक्त खऱ्या बोर्डावर कळतं.

बिघडलेल्या रेकॉर्डचा हेक्स डंप आहे का? टाका, बघूया.

---

दूधगंगा_काठ

दादा तुमचं वाचून डंप काढला आणि अंगावर काटा आला. स्लॉट १९२ बाइटचा, ६४ च्या सीमेवर बसवलेला. पहिले ६४ बाइट नवीन, ज्यात सभासद क्रमांक आणि सीआरसी आहे. मधले ६४ मागच्या फेरीतल्या रेकॉर्डचे, जसेच्या तसे. शेवटचे ६४ परत नवीन. म्हणजे क्रमांक एका माणसाचा आणि फॅट दुसऱ्याची. सीआरसी नसता तर त्याच्या नावावर दुसऱ्याच्या फॅटचा दर लागला असता आणि कुणाला कळलंही नसतं.

---

बाइट_बाय_बाइट

६४ बाइट म्हणजे बरोबर एक कॅश लाइन, पाय ५ मधल्या कॉर्टेक्स ए७६ ची तेवढीच असते. एक ओळ पोचली, मधली वाटेत, फ्लॅग आधीच पोचला. याहून स्पष्ट पुरावा नाही.

अजून एक करा. इंटेल मशीनवरच थ्रेड सॅनिटायझर (डेटा रेस शोधणारं कंपायलरचं साधन) लावून टेस्ट चालवा. तो मशीनवर काय घडलं ते बघत नाही, कोणाचं कोणाशी सिंक्रोनायझेशन आहे ते भाषेच्या नियमाने तपासतो, त्यामुळे ही रेस इंटेलवरही पकडतो. फक्त सुटे फेन्स (फ्लॅगपासून वेगळे लिहिलेले बॅरिअर) त्याला नीट कळत नाहीत, म्हणून ऑर्डर फ्लॅगवरच लावा.

---

अनुस्वार_ताई

तिसऱ्या प्रश्नाकडे कोणी बघितलं नाही, मी सांगते, कारण हा मराठी डेटावाल्यांनाच जास्त चावतो.

तुमचं की-कम्पेअर फंक्शन उघडा. पैज लावून सांगते, त्यात साध्या कॅर (सीचा एका बाइटचा प्रकार) पॉइंटरने एकेक बाइट घेऊन लहान-मोठं बघितलंय. साधा कॅर साइन्ड (उणे आकडेही धरणारा) की अनसाइन्ड (शून्यापासून वरचेच धरणारा) हे सीने ठरवलेलंच नाही. एक्स८६ लिनक्सवर तो साइन्ड असतो, एआरएम लिनक्सवर अनसाइन्ड. नुसतं इंग्रजी असेल तर फरक पडत नाही कारण ते सगळे बाइट १२८ च्या खाली. पण यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं बाइटमध्ये लिहायच्या पद्धतीत) देवनागरीचा प्रत्येक बाइट १२८ किंवा त्याहून मोठा असतो, अक्षराचा पहिला बाइट कायम २२४.

आता 'राम पाटील' आणि 'रामचंद्र' घ्या. 'राम' पर्यंत दोघं सारखे. पुढे एकीकडे स्पेस, म्हणजे ३२, आणि दुसरीकडे 'च' चा पहिला बाइट, २२४. एआरएमवर ३२ लहान, म्हणून राम पाटील आधी. इंटेलवर तोच २२४ साइन्ड झाला की उणे ३२ होतो, म्हणून रामचंद्र आधी. तुमचं झाड इंटेलच्या क्रमाने बांधलंय आणि शोधणारा एआरएमच्या क्रमाने फांद्या निवडतोय, मग तो राम पाटीलला डावीकडे शोधत जातो आणि तो बसलाय उजवीकडे. सावित्रीबाई सापडते कारण तिचा फैसला देवनागरी विरुद्ध देवनागरीतच होतो, आणि तिथे दोन्हीकडे क्रम एकच राहतो. जिथे देवनागरी आणि स्पेस किंवा इंग्रजी अक्षर समोरासमोर येतात तिथेच उलटं होतं, म्हणून 'काही' नावं.

पोस्टग्रेसलाही हेच लागलं होतं, त्यांच्या ट्रायग्राम (तीन-तीन अक्षरांनी शोधणाऱ्या) एक्स्टेन्शनच्या इंडेक्समध्ये. शेवटी २०२५ च्या १८ व्या आवृत्तीत त्यांनी कंट्रोल फाईलमध्येच नोंद ठेवली की हे डेटाबेस क्लस्टर साइन्ड कॅरचं की अनसाइन्ड.

मेमसीएमपी (बाइटची तुलना करणारं सीचं फंक्शन) वापरा, तो बाइट कायम अनसाइन्डच धरतो, सगळ्या प्रोसेसरवर. आणि जुन्या फायलींचे इंडेक्स परत बांधा.

---

कर्नेल_कट्टा

ताईंचं निदान पटलं, फक्त इंडेक्स परत बांधायच्या बाबतीत थोडं वेगळं मत आहे. शेकडो केंद्रांवर जुने पीसी चालू राहणार असतील आणि फायली इकडून तिकडे जाणार असतील तर नुसतं मेमसीएमपी केलं की जुन्या पीसीवर जुनी फाईल तुटेल. कंपायलरला साइन्ड कॅरचा फ्लॅग देऊन एआरएमवर कंपाइल केलं तर आजच्या आज दोन्हीकडे एकच क्रम मिळतो.

पेजचं पण सांगतो. ४ केबीच्या कर्नेलवर कायमचं थांबू नका. एआरएम ६४ वर कर्नेल ४, १६ किंवा ६४ केबीचं पेज घेऊन बनतं, उद्या दुसरा बोर्ड आला की परत तेच. डेटाबेसचं पेज ४०९६ राहू द्या, ते फाईल फॉरमॅट आहे, त्याला हात लावायचा नाही. एममॅपचा ऑफसेट मात्र ६४ केबीच्या पटीत घ्या, सगळीकडे चालेल. जेमॅलॉक (मेमरी वाटून देणारी लायब्ररी) वापरत असाल तर तो पेज साइज बिल्ड करतानाच ठरवतो, ४ केबीवर बांधलेला १६ केबीच्या कर्नेलवर सुरूच होत नाही.

---

अनुस्वार_ताई

कट्टा, फ्लॅगने आजची रात्र निघेल हे मान्य. पण फाईलचा अर्थ मेकफाईलमधल्या एका शब्दावर टांगलेला राहील, आणि उद्या कोणी नवीन मुलाने बिल्ड स्क्रिप्ट साफ करताना तो काढला की परत राम पाटील गायब. त्यापेक्षा फाईलच्या हेडरमध्ये आवृत्ती क्रमांक टाका. आवृत्ती १ असेल तर कम्पेअर स्पष्ट साइन्ड कॅरने, तसं कोडमध्ये लिहूनच, आणि आवृत्ती २ ला मेमसीएमपी. हा कोड जुन्या पीसीवरही टाका, मग जुनी फाईल कुठेच तुटत नाही आणि रूपांतर सवडीने होतं.

दूधगंगा, तुमचे जुने पीसी ३२ बिटचे होते का? असतील तर स्ट्रक्ट (फील्डची मेमरीतली मांडणी) जसेच्या तसे फाईलमध्ये लिहिलेत का तेही बघा. ३२ बिट एक्स८६ लिनक्सवर स्ट्रक्टमधला ६४ बिट इंटिजर ४ च्या सीमेवर बसतो, एआरएमवर ८ च्या, म्हणजे फील्ड सरकतात. एसक्यूलाइट आणि इनोडीबी ही डेटाबेस इंजिनं याच भानगडीपायी फाईलमधले पूर्णांक ठरलेल्या रचनेत, बिग-एंडियन (मोठ्या किमतीचा बाइट आधी) क्रमाने, बाइट बाइट करून लिहितात. एसक्यूलाइटची फाईल म्हणूनच कुठूनही उचलून कुठेही उघडते.

---

कर्नेल_कट्टा

आवृत्तीचा मुद्दा बरोबर आहे, फ्लॅगचं मागे घेतो.

---

दूधगंगा_काठ

जुने पीसी सगळे ६४ बिटचेच होते ताई, स्ट्रक्ट जुळले. पण आता फाईलमध्ये लिहिणारं एकच फंक्शन करतोय, थेट स्ट्रक्ट लिहिणं बंद.

दोन आठवड्यांनी लिहितोय. चारही जागा अॅक्वायर-रिलीज केल्या. थ्रेड सॅनिटायझरने त्याशिवाय अजून एक जागा दाखवली, चेकपॉइंटचा थ्रेड शेवटचा एलएसएन (लॉगमधल्या नोंदीचा क्रमांक) साध्या व्हेरिएबलमधून वाचत होता, ती तर आमच्या कोणाच्या डोक्यातही नव्हती. ऑफिसात सहा बोर्ड मांडलेत, सकाळच्या गर्दीच्या कितीतरी पट लोड, मधेच प्लग काढायचा आणि रिकव्हरी तपासायची, प्रिंटएफ कुठेही नाही. पहिल्या दुरुस्तीत मी परतीचा रस्ता मुद्दाम बाकी ठेवून बघितला होता, तेव्हा तिसऱ्या दिवशी एक रेकॉर्ड बिघडलं. तो जोडल्यापासून नऊ दिवस झाले, एकही सीआरसी चुकलेला नाही.

एममॅप ६४ केबीच्या पटीत केला आणि बोर्ड परत १६ केबीच्या कर्नेलवर आणले.

आवृत्ती १ चं कम्पेअर टाकून जुन्या पीसीवरची फाईल काल बोर्डावर उघडली. 'राम पाटील' टाईप केलं. त्या केंद्रावर दोन राम पाटील आहेत, दोन्ही आले.