नळ आला म्हणून वाडीची विहीर यंदा उपसायची नाही?

पाखाडी
आमची वाडी रत्नागिरी जिल्ह्यातली. रविवारी आगोटीच्या, म्हणजे पावसाळ्याआधीच्या, कामांसाठी बैठक झाली. पायऱ्यांची पाखाडी साफ करणं, देवळावरची कौलं चाळणं, गटारं मोकळी करणं, स्मशानाच्या शेडचे पत्रे बदलणं, एवढं एकमताने ठरलं. विहीर उपसायचा विषय निघाला तर म्हणे, "आता घरोघरी नळ आलाय, कोण पितो विहिरीचं?" आणि विषय संपला.

माझं म्हणणं, विहीर उपसलीच पाहिजे, आणि मिरगाच्या आधीच. जुलैत दोन दोन दिवस लाइट नसते. पंप बंद, टाकी रिकामी. मग अख्खी वाडी कळश्या घेऊन त्याच विहिरीवर जाते. मे महिन्यात जिच्याकडे कुणी बघितलं नाही, तिचं पाणी भर पावसात प्यायचं. सुकट, सोडे, आमसुलं, लाकूडफाटा, सगळ्याची बेगमी करतो आपण. पाणी तेवढं देवावर.

डोंबिवलीचा चाकरमानी
मी उलट बोलणार, राग मानू नका. ती विहीर बंदच करा. एका बाजूला कठडा पडलाय, वरच्या अंगाला दोन गोठे आहेत. जांभ्याची जमीन, पाऊस लागला की पाणी भेगांतून कुठून कुठे जातं ते कुणाला कळत नाही. जुलैत पाणी हाताला लागेल इतकं वर येतं. त्यात मेमध्ये गाळ काढून काय साधणार? पहिल्या झडीत सगळं परत आत. घरोघरी नळ देणाऱ्या जल जीवन मिशनचं माणशी रोज 55 लिटरचं गणित आहे, तर पाठी लागून ती योजना नीट चालवून घ्या.

शिवाय उतरणार कोण? वाडीत राहिलेत म्हातारे नि चार पोरं. विहिरीत गुदमरून माणसं गेल्याच्या बातम्या दर उन्हाळ्यात असतात.

वहाळाकाठी
+1. विहीर म्हटलं की सगळ्यांना लहानपण आठवतं. जुलाब लागले की मग आठवत नाही.

पाखाडी
दादा, नळाचं पाणी येतं कुठून? पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, कडेला खोदलेल्या विहिरीतूनच ना? तीही तेवढीच उघडी. नळ हे काही पाण्याचं औषध नाही, पाणी आणायची वाट आहे फक्त.

निवृत्त आरोग्यसेविका
दोघांच्या भांडणात थोडा हिशोब घालते. तीस वर्षं हेच काम केलंय.

विहीर उपसणं आणि विहीर शुद्ध करणं ही दोन वेगळी कामं. उपसणं वर्षातून एकदा. शुद्धीकरण मात्र पावसाळ्यात सतत, आणि टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, पाण्याच्या मापाने. समजा विहिरीचा व्यास 3 मीटर. मे अखेर पाणी 2 मीटर असेल तर ते साधारण 14 हजार लिटर होतं. हजार लिटरला 5 ग्रॅम धरले तर 70 ग्रॅम पावडर. तीच विहीर जुलैत 6 मीटर भरली की 42 हजार लिटर, म्हणजे 210 ग्रॅम. आमच्याकडे काय व्हायचं? बारा महिने तीच एक वाटी. उन्हाळ्यात नाकाला झोंबतं म्हणून बायका ओरडायच्या, आणि खरी गरज असते तेव्हा वास नाही नि औषधही नाही.

टाकायची पद्धतही सांगते. पावडर थेट विहिरीत भिरकावू नका. बादलीत आधी लगदा करा, मग पाणी घालून ढवळा, दहा मिनिटं चुना खाली बसू द्या. वरचं निवळ पाणी दुसऱ्या बादलीत घ्या, ती दोरीने सोडून पाण्यात खालीवर हलवा. चुना आत जाऊ द्यायचा नाही. संध्याकाळी सगळ्यांचं भरून झालं की करायचं, नंतर तासभर कुणी कळशी टाकायची नाही.

वहाळाकाठी
ताई, हे सगळं पुस्तकात ठीक आहे. आमच्याकडे टीसीएल टाकलं की लोक त्या दिवशी झऱ्यावर जातात. पाणी शुद्ध केलं विहिरीचं आणि प्यायलं झऱ्याचं! आमच्या आज्या तुरटी फिरवायच्या, माठात वाळा टाकायच्या. काय वाईट झालं?

निवृत्त आरोग्यसेविका
वाईट झालेलं कुणी सांगत नाही, एवढंच. जुन्या घरांत किती पोरं झाली नि किती राहिली ते विचारून बघा. तुरटीने गढूळपणा खाली बसतो, जंतू मरत नाहीत. पण तुरटी टाकून द्या असंही मी म्हणत नाही हो. गढूळ पाण्यात क्लोरीन गाळातच खर्च होतं, म्हणून आधी तुरटी, निवळलं की गाळून मग औषध किंवा चांगली उकळी. वाळा खुशाल टाका, वास छान येतो.

औषधाचा वास जात नाही म्हणणाऱ्यांनी पाणी भरून थोडा वेळ उघड्या तोंडाच्या भांड्यात ठेवावं, पातळ फडकं बांधून.

खळ्यावरून
तुम्ही सगळे विहिरीत अडकलात. आमच्या वाडीत मे महिन्यात नळ दिवसाआड येतो, म्हणून घरटी तीन तीन निळे ड्रम. डासाची अंडी ते डास, आठ-दहा दिवसांचा खेळ. डेंगीचा डास घाणीत नाही, याच साठवलेल्या स्वच्छ पाण्यात होतो. नुसतं पाणी ओतून भागत नाही, अंडी कडेला चिकटून महिनोन्‌महिने कोरडी राहतात. ड्रम घासावा लागतो, काथ्याने, कडेकडेने. आठवड्यातून एक दिवस सगळं कोरडं. विहिरीसाठी वीस माणसं लागतात, याला एक घासणी. मग आधी काय करायचं?

पाखाडी
अहो, घरटी पाण्याची एक सोय हक्काची असती तर ड्रम भरले असते का? विहीर चांगली ठेवा, ड्रम आपोआप कमी होतील.

खळ्यावरून
होणार नाहीत. दारात नळ आल्यावर पाखाडीची चढण कळशी घेऊन कोण चढणार? तुमच्या घरात कोण चढतं?

पाखाडी
आई.

डोंबिवलीचा चाकरमानी
हेच म्हणतो मी.

निवृत्त आरोग्यसेविका
उतरण्याबद्दल चाकरमानी दादांनी लिहिलं ते मात्र कुणी हसण्यावारी नेऊ नका. डिझेलचं इंजिन विहिरीत उतरवून उपसा करू नका, त्याचा धूर खाली साठतो आणि माणूस हाक मारायच्या आत आडवा होतो. पंप विजेचा, वरून सोडलेला. कंदील खाली सोडून बघा, विझला तर माणूस उतरवायचा नाही. तेवत राहिला तरी कमरेला दोर हवाच. आतला पडला तर दुसऱ्याने मागोमाग उडी टाकायची नाही.

वहाळाकाठी
पण पैसे? पंचायत म्हणते फंड नाही.

पाखाडी
पंचायतीला मिळणाऱ्या पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतला 60 टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेलाच बांधलेला होता. तो कुठे गेला ते ग्रामसभेत विचारायला हवं होतं. आम्ही नाही विचारलं, गणपतीच्या मंडपावर दोन तास बोललो. आणखी एक. पावसाळ्याआधी पाण्याच्या स्रोतांची पाहणी होते, त्यावरून पंचायतीला लाल (धोका जास्त), पिवळं (मध्यम) नाहीतर हिरवं (कमी) कार्ड मिळतं. यंदा आपलं कुठलं, ते बैठकीत एकालाही सांगता आलं नाही.

खळ्यावरून
आमच्याकडे पाणी तपासायचं किट आलंय, पाच बायकांना शिकवलंय सुद्धा. काळ्या होणाऱ्या बाटल्याही असतात. पाणी भरून ठेवायची, एक-दोन दिवसांत काळी पडली तर पाण्यात मैला मिसळलाय समजायचं. ती बाटली बैठकीत मधोमध ठेवा. भाषण नको.

वहाळाकाठी
ताई, गेल्या वर्षीची टीसीएलची अर्धी गोणी समाजमंदिरात आहे. ती चालेल का? गाठी झाल्यात.

निवृत्त आरोग्यसेविका
गाठी झाल्या म्हणजे ओल लागली. क्लोरीन उडून गेलं, राहिला चुना. चांगल्या पावडरीत 33 टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असतं, 20 च्या खाली गेली की वापरायची नाही. नमुना तपासायला द्या आणि नवी मागवा. ती घट्ट झाकणाच्या डब्यात, सावलीत ठेवा.

डोंबिवलीचा चाकरमानी
बरं. पंपाचं भाडं मी देतो. पण उपसल्यावर विहिरीवर झाकण बसवा आणि कठडा बांधा, नाहीतर पुढच्या वर्षी पैसे मागू नका.

पाखाडी
झाकण चालेल. राहाटापुरतं तोंड उघडं ठेवायला हवं.

डोंबिवलीचा चाकरमानी
तोंड उघडं ठेवायचं तर झाकण कशाला?

निवृत्त आरोग्यसेविका
तोंडावर उघडझाप करता येईल अशी जाळी. आणि घरोघरच्या कळश्या आत सोडू नका, विहिरीची म्हणून एकच बादली राहाटाला बांधून ठेवा. जमिनीवर टेकवायची नाही.