परसात ५-६ कोंबड्या ठेवायच्यात, पिल्लं घ्यावीत की तलंगा? आणि वासाचं काय करता?

परसदार_नवीन
नमस्कार मंडळी. घरामागे साधारण १० बाय १२ फुटाची मोकळी जागा आहे, तिथं ५-६ कोंबड्या पाळायचं मनात आहे, विकायला नाही, फक्त घरच्या अंड्यांपुरत्या. सासूबाई म्हणतात वास सुटेल, माश्या होतील, शेजारी रोज भांडायला येतील. आणि घरात ४ वर्षांची मुलगी आहे, ती पिल्लं पिल्लं करतेय. तर एक दिवसाची पिल्लं घ्यावीत की वाढलेल्या तलंगा (अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या)? घेताना नेमकं काय बघायचं? खुराडं केवढं लागतं आणि ते रोज धुवायचं असतं का? कोंबडा ठेवावाच लागतो का? सविस्तर सांगा, घाई नाहीये, सगळं नीट समजून मगच आणणार आहे.

खुराडं_अंगण
ताई आधी सोप्पं सांगतो, अंड्यांसाठी कोंबडा लागत नाही. कोंबडी अंडी देतेच, फक्त त्यातून पिल्लं निघत नाहीत. शेजारी जवळ असतील तर कोंबडा नकोच, पहाटेपासून आरवतो.

पहिल्यांदाच पाळताय तर माझं मत तलंगाच घ्या, १४ ते १६ आठवड्यांच्या. नाजूक वय संपलेलं असतं, ऊब द्यावी लागत नाही आणि पुढच्या महिना-दोन महिन्यांत अंडी सुरू होतात. फक्त सगळ्या एकाच ठिकाणाहून आणि एकाच वयाच्या घ्या. दोन इथून तीन तिथून असं केलं की प्रत्येक कळपाचे जंतू तुमच्या अंगणात एकत्र येतात, आणि एका कळपाने पचवलेला आजार दुसऱ्याला भारी पडतो. त्याच कारणासाठी जिथं दहा ठिकाणचे पक्षी एका पिंजऱ्यात कोंबलेले असतात तिथून स्वस्त मिळाले तरी घेऊ नका.

गेल्या गेल्या पक्षी हातात घेऊ नका, आधी लांब उभं राहून सगळा कळप बघा. एखादी पिसं फुलवून कोपऱ्यात बसलीय, तोंड उघडून श्वास घेतेय, शिंकतेय, असं दिसलं तर त्या कळपातली चांगली दिसणारीसुद्धा नको. सगळं ठीक वाटलं तर मग उचला. डोळे टपोरे आणि कोरडे हवेत, नाकातून पाणी नको, पायाचे खवले गुळगुळीत, छातीचं हाड हाताला धारदार लागू नये, शेपटीखाली विष्ठा चिकटलेली नको. तिथलीच पिसं फुंकर मारून बाजूला करा, पिसाच्या मुळाशी पांढरे पुंजके दिसले तर ती उवांची अंडी.

आणि लसीकरण. "हो हो झालंय सगळं" यावर समाधान मानू नका, कोणती लस कोणत्या तारखेला ते विचारा. मरेक्स या आजाराची लस पहिल्याच दिवशी दिलेली असते, त्यानंतर राणीखेत म्हणजे मानमोडी, गंबोरो आणि देवी या आजारांच्या. मानमोडी आली की लस नसलेला अख्खा कळप बघता बघता जातो, म्हणून यात तडजोड नको.

कोरडी_गादी
वरच्यांनी खरेदीचं छान सांगितलंय, मी वास आणि साफसफाईवर लिहिते कारण लोक कोंबड्या सोडून देतात ते यामुळेच.

ताई खुराडं रोज धुवायचं नाही!! ओलाव्यानेच सगळं बिघडतं. विष्ठा ओली राहिली की अमोनिया सुटतो, तोच तो डोळ्याला झोंबणारा वास, त्याने कोंबड्यांची श्वासनलिका खराब होते, माश्या अंडी घालतात आणि रक्ती हगवणीचे जंतू ओल्या गादीतच (गादी म्हणजे खुराड्यात खाली पसरलेला भुसा) तयार होतात. खाली भाताचं तूस किंवा लाकडाचा जाडसर भुसा ३-४ इंच पसरा, दर २-३ दिवसांनी उकरून वरखाली करा, ओला झालेला भाग तेवढा काढून नवा टाका. मुठीत दाबून बघायचं, गोळा झाला तर ओलं आहे, मूठ उघडल्यावर सुटं झालं तर ठीक. आणि तुमच्या उंचीवरून वास नाही आला म्हणून सोडू नका, खाली वाकून कोंबडीच्या डोक्याच्या उंचीवर वास घ्या, ती तिथं श्वास घेते.

गादी ओली होते ती बहुतेक वेळा पाण्याच्या भांड्यामुळे. भांडं कोंबडीच्या पाठीच्या उंचीवर टांगा किंवा विटेवर ठेवा म्हणजे सांडत नाही आणि त्यात विष्ठाही पडत नाही. पाणी रोज बदला, भांडं आतून घासा, बुळबुळीत थर राहू देऊ नका.

एक गोष्ट कुणी सांगत नाही ती म्हणजे बरीचशी विष्ठा रात्री झोपायच्या दांड्याखाली पडते. तिथं एक पत्रा किंवा ट्रे ठेवा, सकाळी खरवडून कंपोस्टच्या खड्ड्यात, निम्मं काम तिथंच संपतं (ताजी विष्ठा थेट झाडांना घालू नका, मुळं जळतात). अंड्यांची पेटी मात्र दांड्यापेक्षा खाली हवी. वर असेल तर त्या पेटीतच झोपतात आणि अंडी घाण होतात. ४-५ कोंबड्यांना एक पेटी पुरते.

जागा म्हणाल तर आत पक्ष्यामागे ४ चौरस फूट आणि बाहेर फिरायला ८-१० धरा, तुमच्या अंगणात सहा आरामात मावतील. भिंतीच्या वरच्या बाजूला जाळीच्या खिडक्या ठेवा, ओलसर गरम हवा वरून निघून गेली पाहिजे पण झोपलेल्या कोंबडीवर थेट वारा नको. जाळी अर्ध्या इंचाची जाड घ्या, पातळ षटकोनी जाळी कुत्रं फाडतं आणि तिच्यातून उंदीर सहज आत येतात, मुंगसासाठी कडेने फूटभर जमिनीतही गाडा. संध्याकाळी उरलेलं खाद्य उचलून झाकणाच्या डब्यात ठेवायचं. बुरशी आलेलं खाद्य वाळवून वगैरे घालायचं नाही, सरळ फेकायचं, त्यातलं विष यकृतावर जातं.

चिवचिव
तलंगांना माझा विरोध नाही पण पिल्लांना एवढं घाबरायचंही कारण नाही, हातावर वाढलेली कोंबडी वेगळीच माणसाळते. पहिल्या आठवड्यात बल्बची ऊब ३५ अंशांच्या आसपास, मग दर आठवड्याला साधारण ३ अंश कमी करत जायचं, पाच-सहा आठवड्यांत पिसं भरतात. थर्मामीटरपेक्षा पिल्लांकडे बघा, बल्बखाली एकमेकांवर चढली तर थंडी वाजतेय, लांब कडेला जाऊन चोची उघडून बसली तर गरम होतंय, सगळीकडे विखुरलेली असली तर बरोबर. नुसता गुळगुळीत पेपर अंथरू नका, पाय घसरून फाकतात ते फाकलेलेच राहतात, त्यावर कापड किंवा भुसा हवा. आणि अंड्यावरच्या कोंबड्यांचं लेयर खाद्य पिल्लांना कधीच नाही, त्यातलं जास्तीचं कॅल्शियम त्यांच्या किडनीला त्रास देतं. पिल्लांना स्टार्टर, नंतर ग्रोअर, आणि अंडी सुरू व्हायला आली की लेयर.

पाण्यातून लसोटा (मानमोडीची लस) देणार असाल तर नळाचं क्लोरीनचं पाणी वापरू नका, लसीतला जिवंत विषाणू त्यात मरतो आणि आपल्याला वाटतं लस झाली. लस बर्फात आणायची आणि पाण्यात मिसळल्यावर २ तासांच्या आत संपली पाहिजे.

काळजी_घेणारा_बाबा
मुलगी ४ वर्षांची आहे हे वाचून लिहितोय. अगदी तंदुरुस्त दिसणाऱ्या कोंबडीच्या आणि पिल्लाच्याही विष्ठेत साल्मोनेला (जुलाब-ताप आणणारा जंतू) असू शकतो, पिसांवर पायांवर तो लागतो, आणि ५ वर्षांखालच्या मुलांना त्याचा जास्त त्रास होतो. तिला बघू द्या, तुम्ही सोबत असताना दाणे टाकू द्या, पण पिल्लू तोंडाजवळ घेणं, पापी घेणं अजिबात नको आणि बाहेर आलं की लगेच साबणाने हात. कोंबड्यांची भांडी स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये धुवायची नाहीत. खुराड्यासाठी वेगळी चप्पल तिथंच दाराशी ठेवा, तीच घालून घरात यायचं नाही, आणि दुसऱ्याच्या फार्मवर जाऊन आलात तर आधी कपडे बदला.

रात्री कधीतरी बॅटरी घेऊन दांड्याच्या फटी बघत जा. लाल गोचीड दिवसा तिथं लपते आणि अंधारात रक्त पिते, दिवसा कोंबडी तपासून काहीच सापडत नाही पण तुरा फिका पडत जातो. अंगणात कोरडी माती आणि थोडी राख लोळायला ठेवा, उवा बऱ्याच आटोक्यात राहतात.

परसदार_नवीन
सगळ्यांचे मनापासून आभार, सासूबाईंना गादीवालं उत्तर वाचून दाखवलं, त्या तयार झाल्या! तलंगाच घ्यायचं ठरतंय. अजून दोनच विचारते, सहा महिन्यांनी आणखी दोन आणल्या तर लगेच सोडता येतील का, आणि अंडी धुवून ठेवायची का?

कोरडी_गादी
लगेच नाही. नव्या दोघी किमान ३-४ आठवडे लांब, वेगळ्या भांड्यांसकट ठेवायच्या, आणि रोज आधी जुन्यांचं काम करून मग नव्यांकडे जायचं, उलट नाही. त्या काळात एखादी अचानक मेली किंवा एकापाठोपाठ मर लागली तर उघड्या हातांनी उचलू नका आणि कुणाच्या सांगण्यावरून अँटिबायोटिकही सुरू करू नका, पशुवैद्याला कळवा, बर्ड फ्लूही असू शकतो.

अंड्यावर नैसर्गिक पातळ थर असतो तो जंतू आत जाऊ देत नाही, धुतलं की तो जातो. म्हणून रोज गोळा करा, थोडं मळलेलं कोरड्या कापडाने पुसा. फारच माखलेलं असेल तर अंड्यापेक्षा गरम पाण्याने धुवून पुसून लगेच वापरा, गार पाण्याने नको, आतला भाग आकसतो आणि बाहेरची घाण छिद्रांतून आत ओढली जाते. तडकलेलं अंडं टाकून द्यायचं. आणि रोजच माखलेली अंडी मिळायला लागली तर पेटीतला भुसा बदला.