प्रतापगडाचा वार: सोमवार की गुरुवार?

गडकरी_सातारा: मंडळासाठी दिनविशेषाचं ॲप करतोय. १० नोव्हेंबर १६५९, अफझलखान वध, एवढं भरलं तर पायथनने (ॲप ज्या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहितोय ती) वार दाखवला सोमवार. आजोबा शेजारीच बसलेले. "मार्गशीर्ष शुद्ध सप्तमी, गुरुवार! सोमवार कुठनं काढलास?" जुनी नोंद काढली, गुरुवारच. पुस्तकांत छापतात ती तारीख जुन्या ज्युलियन कॅलेंडरची, इंग्रज १७५२ पर्यंत तेच वापरत होते. पायथन आजचं ग्रेगोरियन इसवी सन १ पर्यंत मागे ताणतो. म्हणून माझं मत: शिवकाळ डेट कॉलममध्ये घालूच नये. शक, महिना, पक्ष, तिथी, वार, कागदावर आहे तसा मजकूर ठेवावा.

कृष्णाकाठ_सांगली: रोगापेक्षा इलाज भयंकर! मजकुराचं सॉर्टिंग कसं करणार? अकारविल्हे लावलंत तर चैत्राआधी आश्विन येईल. दोन कॅलेंडरांतल्या फरकाचे दहा दिवस मिळवा, २० नोव्हेंबर साठवा. गुरुवार येतोय, बघा करून.

गडकरी_सातारा: आणि ॲपवर २० नोव्हेंबर दिसला की अख्खा तालुका मला फोन करणार.

कृष्णाकाठ_सांगली: अहो, साठवायचं वेगळं, दाखवायचं वेगळं. एवढं तर कॉलेजात शिकवतात.

टर्मिनलवाला: लिनक्सवर 'कॅल ११ १६५९' ही कॅलेंडरची कमांड मारा, १० तारखेला गुरुवारच आहे. तेच कॅल सप्टेंबर १७५२ ला २ नंतर थेट १४ दाखवतं. आणि सांगलीकर, सरसकट दहा मिळवू नका. १७०० च्या फेब्रुवारीनंतर फरक ११ चा आहे, म्हणजे शाहू महाराजांची सगळी साताऱ्याची कारकीर्द एक दिवसाने चुकेल. 'कॅलेंडर' म्हणून एक कॉलम वाढवा.

कृष्णाकाठ_सांगली: ११ चं मान्य, ते सुटलं माझ्याकडून. मजकुराचं अजिबात मान्य नाही.

तिथीवाली: तुम्ही १६५९ वरच अडकलात. सोहळा तिथीने असतो, पुढच्या वर्षीचं नोटिफिकेशन कसं देणार? सूर्योदयाला जी तिथी ती त्या दिवसाची. एखादी क्षय होते, एखादी दोन सूर्योदय धरते. २०२६ मध्ये ज्येष्ठ अधिक. कोड-बिड राहू दे, दर पाडव्याला पंचांग घेऊन बसा आणि तारखा हाताने भरा.

कृष्णाकाठ_सांगली: हाताने?! मग ॲप कशाला, वहीच करा की.

गडकरी_सातारा: कॅलेंडरचा कॉलम घेतला, हाताने भरायचंही पटलं. पण मूळ तिथी पहिली, तारीख तिच्या मागे, यात बदल नाही. आजोबांना गुरुवार दाखवला. आता विचारतायत, मोडी का नाही?